रेतीची बोंब

होळीला आमच्या आळीत हावलूबाय म्हणतात. पुनवेच्या संध्याकाळी सुपारीचं झाड उभं करायचं, त्याला पताका आणि साखरेच्या गाठ्या बांधायच्या, आणि पेटवायच्या अगोदर, पाण्यावर अजून पिवळा उजेड असताना, एका माणसाने उपड्या होडीवर चढून वर्षाचं सगळं बोलून घ्यायचं. कोणी कोणाची जाळी कापली, कोणी शेजारणीच्या कोंबड्यांना दगड मारले, कोण पुढारी झाल्यापासून वाळूत बूट घालून चालतो. मधे अडवायचं नाही. ज्याच्यावर बोलणं येईल त्याने उभं राहून ऐकायचं आणि बाकीच्यांनी तोंडावर हात मारून बोंब ठोकायची. जळून झाड पडलं की बोलणं संपलं. दुसऱ्या सकाळी ज्याच्यावर बोललं गेलं तोच बोलणाऱ्याच्या दारात येणार, रंग लावणार, चहा पिणार. त्यानंतर जो कोणी ती गोष्ट काढील तो हलका माणूस.

होडीवर चढायचा हा मान वीस-बावीस वर्षं माझ्याकडे होता. शाळा मी तिसरीत सोडली, ती कायमची. पण अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभा राहून मी बोललो की समोर बेटावरच्या किल्ल्याची भिंत मला उत्तर द्यायची. हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे सांगतोच आहे, पण खरं आहे.

त्या साली गावात मोबाईल नुकते आले होते. माणसं हात वर करून बंदराच्या टोकाला उभी राहायची, देवाकडे काही मागितल्यासारखी. आणि त्याच साली किनारा खाली बसायला लागला. एका दिवसात कळत नाही असं. झोपेत कोणी हळूच उशी काढून घ्यावी तसं. जिथे माझी आई बोंबील वाळत घालायची तिथे पाणी आलं. सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडली, आणि भरतीला ती झाडं पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी दिसायची. ओहोटी लागली की पहाटे गाड्या यायच्या आणि रेती भरून न्यायच्या. आधी बैलगाड्या होत्या, मग टेम्पो आले. विरारला इमारती चढत होत्या. आमचा किनारा तिकडे चौथ्या-पाचव्या मजल्यावर राहायला गेला होता.

मच्छीमार सोसायटीचा चेअरमन माझा जुना सोबती. एका होडीवर आम्ही अठरा वर्षं काढली. तो सुकाणू धरायचा, मी पुढे बसून पाण्याचा रंग सांगायचो. चेअरमनने एक अर्ज केला असता, चार माणसं घेऊन गाड्यांपुढे उभा राहिला असता, तर रेती थांबली असती. तो गप्प होता. गाड्या दिसल्या की याची मान वर जायची, जणू आभाळात कोणी याला हाक मारली.

मग त्या होळीला मी होडीवर चढून म्हटलं:

रेती चालली गाडी गाडी,
चेअरमन बघतो ताडावर ताडी,
दर्या येईल दारात जेव्हा,
कुठं बांधशील तुझी होडी?

अशी बोंब उठली की कावळे उडाले. तो मान खाली घालून हसला. दुसऱ्या सकाळी आला, माझ्या टकलाला गुलाल फासला, चहा दोनदा मागितला. आमच्या रीतीने गोष्ट मिटली. रेती मात्र जातच राहिली.

आता सुनेचं सांगतो. ती विरारच्या फुलपाड्याची, तिचे वडील साताऱ्याकडचे नोकरदार. आमच्या घरात आली तेव्हा आम्ही 'पानी' म्हटलं की हसू लपवायला तोंडावर पदर धरायची. ती संगणक शिकलेली होती. बाजारनाक्यावर फोनचा बूथ होता, त्याच्या मालकाने मागच्या बाजूला दोन संगणक मांडले होते आणि ते सांभाळायला हिला ठेवलं होतं. त्या यंत्रात आमच्या गावाचं एक पान होतं. गावातलाच एकजण जहाजावर नोकरीला होता, त्याने ते उघडलेलं. जत्रेचे फोटो, होड्यांचे फोटो, आणि खाली ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावं.

होळीनंतर पाच-सहा दिवसांनी सून म्हणाली, "बाबा, तुमची बोंब मस्कतला ऐकू गेली."

मी बोललो होतो तेव्हा तिने कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतलं होतं, आणि सगळंच्या सगळं त्या पानावर घातलं होतं. मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

दुपारी जेवून मी बूथवर गेलो. मागच्या खोलीत खिडकीला हिरवा पडदा होता, पंखा फिरायचा आणि सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी हलायची. त्या उजेडात ती वाचून दाखवायची. मस्कतहून कोणी लिहिलं होतं, "काका, एकदम बरोबर." दुबईहून कोणी विचारलं होतं, "सुरू अजून आहेत का हो?" एका बाईने लिहिलं होतं की तिचं माहेर आमच्या आळीतलं, ती वाचून स्वयंपाकघरात जाऊन रडली. ती कुठल्या देशात होती ते मला दोनदा सांगूनही कळलं नाही.

डोळे मिटून मी ऐकत राहायचो. वारा नाही, शीड नाही, आणि माझा आवाज निघाला होता. मला तो दिसायचा सुद्धा. संध्याकाळच्या होड्या परत येताना एकेक दिवा लागतो ना, तसे पाण्यापलीकडे एकेक दिवे लागत होते, आणि प्रत्येक दिव्याखाली एक माणूस माझं बोलणं ऐकत होता. आजवर ते किल्ल्याच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायचं. आता ते परत येत नव्हतं. कधीकधी तिथेच खुर्चीत मला झोप लागायची आणि झोपेतही कोणी वाचत असायचं.

मग मी रोज जायला लागलो. रोज नवीन सांगायचो, ती लिहायची. गावात दोघे-चौघे मला लेखक म्हणायला लागले. चेष्टा होती ती. पण मी धोतर धुऊन नेसायला लागलो हेही खरं.

एका दुपारी ती वाचता वाचता थांबली.

"कं झालं?"

"काही नाही बाबा. पुढचं वाचत नाही."

"वाच."

"घाण आहे."

कोणी अनोळखी माणसांनी लिहिलं होतं. गावाचे नव्हतेच. चेअरमनच्या मुलीचं लग्न वसईच्या एका घरात ठरलं होतं. ते कोणाला तरी माहीत होतं. त्याने लिहिलं की मांडव रेतीवर उभा राहणार. त्याखाली दुसऱ्याने, त्याखाली तिसऱ्याने. तिसऱ्याचं मी इथेही सांगणार नाही. त्या पोरीला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती.

दोन दिवसांनी सोबती आला. या वेळी गुलाल नव्हता. ओट्याखालीच उभा राहिला.

"काढ ते."

"होळीच्या दुसऱ्या दिवशी हसलास ना? चहा प्यालास ना?"

"प्यालो. संपलं होतं म्हनून प्यालो. आता रोज नवा मानूस येतो नि बोंब ठोकतो. माझ्या घरात रोज शिमगा हाय."

"रेती जात नाय का? खोटं बोललो?"

"रेतीचं बोल रे! पोरीचं कोनी काढलं?"

"मी नाय."

"तुझ्या बोलन्याखाली बोलले ना पन? दार तू उघडलंस."

त्याच वेळी मी खाली उतरायला हवं होतं. पण मी कोण? होडीवरचा मान माझा. म्हटलं, "माझा शब्द मी गिळत नाय. आजवर गिळला नाय."

"मग मी पन बघतो," म्हणाला आणि गेला. चालताना त्याचा एक पाय ओढतो, थंडीत जास्त. त्या दिवशी थंडी नव्हती, तरी ओढत होता.

चौकीवरून बोलावणं आलं. सून बरोबर आली. जमादार बरा माणूस होता, बसायला बाक दिला. समोर कागद होता, त्यावर माझी बोंब छापून काढलेली. छापलेलं पाहून मला, खरं सांगतो, आधी आनंदच झाला.

"आजोबा, हे तुमचं?"

"माझंच."

"कॉम्प्युटर येतो तुम्हाला?"

"मना कशाला यायला पायजे? मी सांगतो, सून लिवते. पहिल्यापासून तीच लिवते."

छाती पुढे काढून सांगितलं. शेजारी बसलेल्या सुनेने डोळे मिटून घेतले. जमादाराने पेन काढलं.

"म्हणजे लिहिलं सुनेने. नाव खातं सगळं तिचं. मग केस झाली तर तिच्यावर."

"तिच्यावर कशी? बोललो मी!"

"बोलण्याला कोण अडवतो? लोकशाही आहे आजोबा. चौकात उभं राहून बोला काय बोलायचं ते. पण हे नेटवर आलं."

"चौक मोठा झाला म्हनून बोलनं गुन्हा झालं?"

जमादार हसला. खरंच हसला, मग दाराकडे बघून आवाज उतरवला. "हे बघा, आमचे साहेब नवीन आलेत. त्यांना या नेटचं काही कळत नाही. मलाही नाही. कळत नाही म्हणूनच सगळे घाबरलेत. तीन दिवसांत काढून टाका, मी कागद पुढे पाठवत नाही."

बाहेर आल्यावर सून पुढे पुढे चालत राहिली. वसईच्या एका शाळेत संगणक शिकवायची नोकरी तिला लागायची होती, मुलाखत झाली होती, पत्र यायचं होतं. पोलिसांत नाव गेलं की ते पत्र कुठून यायला? हे मला माहीत होतं आणि तरी मी छाती पुढे काढली होती.

घरी मी म्हटलं, "फक्त ती घाण काढ. माझं ठेव."

"तसं होत नाही बाबा. दुसऱ्यांचं मला पुसता येत नाही. ते फक्त पान उघडणारा पुसू शकतो, आणि तो जहाजावर, त्याला मेल केलाय, उत्तर नाही. मी माझं काढलं तर त्याखालचं सगळं जातं. एक तर सगळं ठेवा, नाहीतर सगळं घालवा."

"सगळं? ती रडलेली बाई पन?"

"ती पण." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मी नाही काढणार. खरं बोललात तुम्ही. होऊ दे केस."

आता ही आमच्यापेक्षा हट्टी निघाली. मला तिचा अभिमान वाटला आणि भीती वाटली, दोन्ही एकाच घासात.

ते तीन दिवस मी किनाऱ्यावरच होतो. ऊन पाण्यावर लोळत होतं, बेट कधी जवळ दिसायचं, कधी धुक्यात उचललेलं. खालच्या वाळूत गाडीच्या चाकांच्या खुणा होत्या आणि भरती त्या पुसत होती, रोजच्या कामासारखी. मी विचार करत होतो की माझं चुकलं कुठे. शब्द खरे होते. पण होडीवर मी उभा असतो तेव्हा गाव माझं तोंड बघतं. मला दगड मारायचा तर माझं घर माहीत आहे. आणि ज्याला लागलं त्याला सकाळ मिळते, माझ्या दारात यायला. त्या पानावर ना कोणाला तोंड होतं, ना सोबत्याला सकाळ. तो कोणाच्या दारात जाणार? मस्कतच्या? म्हणून तो चौकीत गेला. पण चौकी म्हणाली की पोरीची घाण आणि माझी रेती एकाच फडक्याने पुसा. तेही मला पटेना. घाण गेली पाहिजे, रेती राहिली पाहिजे. त्या दोन गोष्टी वेगळ्या करणारा माणूस ना यंत्रात होता, ना चौकीत.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर जाळं विणत होता. बस म्हणाला नाही. मी बसलो.

"काढतो," मी म्हटलं. "जमादाराला भिऊन नाय."

"मग कोनाला भिऊन?"

"तुझ्या पोरीला. माझ्यासमोर आली तर मी कुठं बघू?"

सुई दोन-तीन गाठी पुढे गेली.

"पन रेतीचं परत घालनार. फक्त रेतीचं. आनि त्याखाली पहिलं बोलनं तुझं."

"माझं कं बोलनं?"

"गप का बसलास ते."

"म्हातारा झालास तरी अक्कल आली नाय तुला."

"तुला तरी कुठं आली? चेअरमन झालास."

हसला नाही. पण जाळं बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दुपारी तो बूथवर आला, लग्नाला जावं तसा इस्त्रीचा शर्ट घालून. आधी सुनेने जुनं काढलं. यंत्राने तिला विचारलं, नक्की काढायचं का? तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पाण्यापलीकडचे ते सगळे दिवे, सुरूंची चौकशी करणारा, रडलेली बाई, एका टिचकीत गेले. यंत्राचा पडदा नुसता पांढरा झाला. पंखा फिरत होता. मला वाटलं, कोणी तरी आता काही बोलेल, पण बोलायचं होतं ते आम्हीच तिघे होतो.

मग माझ्या चार ओळी तिने पुन्हा घातल्या, आणि त्याखाली तो बोलला. थांबत थांबत.

"लिव. मी चेअरमन. रेती जाते ती मी बघितली. पहिल्या दिवशी बोललो असतो तर थांबली असती. ते रेतीवाले मला म्हनाले, तुमच्या होड्या किनाऱ्यावर असतात नि तुम्ही घरात झोपता, लक्षात ठेवा. मी भिलो. पोरीचा यात संबंध नाय. बोलायचं तर मला बोला, नि नाव सांगून बोला."

सुनेचं टाईप करून झालं तरी ती वर बघेना. चष्मा पुसत राहिली.

त्याने चौकीत जाऊन तक्रार मागे घेतली. सुनेचं शाळेचं पत्रही पुढे आलं. पानावर लोक पुन्हा यायला लागले, पण या वेळी पाऊल हळू होतं. दुबईवाल्याने लिहिलं, "चेअरमनकाका, उशिरा का होईना, बोललात." आळीतल्या एकाने लिहिलं की तोही बघत होता आणि तोही गप्प होता, आणि खाली स्वतःचं नाव घातलं. त्या आठवड्यात पहाटे चार माणसं किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली. एक टेम्पो रिकामा परत गेला. एकच. पण मी त्याचा रिकामा आवाज ऐकला, खडखड करत जाणारा, आणि अंथरुणातच हसलो.

आणि मग एका दुपारी पान नव्हतं.

आमचं बोलणंच नव्हे, अख्खं पान. जत्रा, होड्या, सगळं. जिथे गाव होतं तिथे इंग्रजीत दोन ओळी होत्या.

"कं लिवलंय?"

"नियमात बसत नाही म्हणून काढलं."

"कुठल्या नियमात?"

"ते नाही लिहिलेलं."

"काढलं कोनी? जमादाराने?"

"नाही बाबा, ज्यांच्या जागेवर ही पानं असतात त्या कंपनीने. कुणीतरी तक्रार केली की ते काढतात."

"कोनी केली?"

"ते सांगत नाहीत. विचारायला माणूसच नाही तिथे."

जमादार निदान समोर बसला होता. बाक दिला होता. त्याच्याशी भांडता आलं होतं. हे भांडण मला कुठे उभं राहून करायचं तेच कळेना.

आणि खोटं कशाला बोलू, पहिला संशय मला सोबत्याचाच आला. लग्न तोंडावर होतं. आपलंच भित्रेपण सगळ्या जगाने वाचावं असं कोणाला वाटेल? आळीतून त्याच्या घरापर्यंत जाईस्तोवर मी त्याला मनात शंभर शिव्या दिल्या. तो ओट्यावरच होता.

"पान गेलं," मी म्हटलं.

"कुठं गेलं?"

"काढलं. कोनीतरी सांगितलं म्हनून." मग मला राहवेना. "तू?"

त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. समुद्रात धुकं पडलं की असा बघायचा, रागाने नाही, पुढे काय आहे ते ठरवत.

"माझं पन त्यात होतं रे," तो म्हणाला. "जन्मात एकदाच बोललो."

मी खाली बसलो. घराच्या आत बायका मुलीच्या साड्या काढून बघत होत्या, त्यांचं हसणं बाहेर येत होतं.

"तुला आठवतं कं मी कं बोललेलो?" त्याने विचारलं.

मला अक्षर कमी येतं, पण ऐकलेलं मी विसरत नाही. मी त्याला त्याचं बोलणं म्हणून दाखवलं, पहिल्यापासून, तो थांबला होता तिथे थांबत. तो खाली बघून ऐकत होता. संपल्यावर त्याने हात बाजूला टेकवला, ओट्याच्या नव्या गिलाव्यावर, आणि बोटांनी तो चाचपला.

"एक राहिलं होतं," म्हणाला. "या ओट्यात पन तीच रेती हाय. मीच टाकून घेतली."

मी त्याच ओट्यावर बसलो होतो.

"चल," तो उठला. "आता तुझी सून नको, तू नको. माझ्या नावाने उघडायला सांग."

बूथवर सुनेने आधी त्याला समजावलं, पुन्हा काढतील काका. तो म्हणाला, काढू देत, तुला बोटं आहेत ना? मग तिने नवीन खातं उघडायला घेतलं. नाव विचारलं, गाव विचारलं. मग जन्मतारीख.

"आई सांगायची, भर ओहोटीला झालो."

"काका, आकडा लागतो. त्याशिवाय ते पुढे जात नाही."

"मग याची घाल."

"माझी मना कुठं म्हायती?" मी म्हटलं.

"एक जून टाकते," सून म्हणाली. "शाळेत सगळ्यांची तीच असते."

"टाक," तो म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढून यंत्राच्या पडद्याच्या अगदी जवळ बसला. "आनि पोरी, ओट्याचं पहिलं लिव."